भिंतीपलीकडचे वडे

मासे खायचे असतील तर श्रावणात मालवणला जाऊ नये. हे मी अनुभवाने सांगते आहे, तेव्हा पुढचं वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा.

२००८ सालचा ऑगस्ट. पंधरा तारखेला जोडून शनिवार-रविवार आला होता, बँकेत एका दिवसाची रजा टाकली की चार दिवस मोकळे. श्रावण चालू आहे हे मला ठाऊक होतं. सोलापूरला आमच्या घरीही श्रावणात मटण शिजत नाही. पण समुद्रकाठच्या लोकांना कसला आलाय श्रावण, त्यांच्या दारात रोज ताजा मासा, अशी माझी भाबडी समजूत. आमचे हे डॉक्टरांच्या धाकाने काही वर्षांपासून शाकाहारी झालेले. ‘तू खा सुरमई, मी बघत बसेन,’ म्हणून बिचारे निघाले. त्यांना बघत बसावं लागलं नाही.

परत आल्यापासून ऑफिसातलं कोणी ना कोणी विचारतंच, मालवणात कुठे राहू, काय खाऊ, काय बघू. तोंडाने सांगून कंटाळले म्हणून लिहून काढते. सगळ्या मालवणबद्दल मला विचारू नका. आम्ही चार दिवस बहुतेक मेढा नावाच्या भागातच होतो, आणि त्यातलाही बराच वेळ एका पडवीत.

गुरुवार

एसटी कट्टा गावाला थांबली तेव्हा पावसात उतरून चहा आणि गरम भजी खाल्ली, तेवढाच प्रवास सांगण्यासारखा. मालवणच्या बाजारातून समुद्राच्या अंगाने गेलं की मेढा लागतो. अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, त्यांवर हिरवंगार शेवाळ, आत माड आणि कौलारू घरं. पावसाचा झोत अडवायला प्रत्येक पडवीला झावळ्यांची झापं बांधलेली. आत कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही, त्यांना मात्र आपण पुरते दिसतो. पिशव्या सांभाळत आम्ही चाललो होतो तेव्हा झापांच्या आडून ‘खंयचे गो हे?’ असं दोन घरांनी एकमेकांना विचारलेलं मी ऐकलं.

पत्ता ऑफिसातल्या एकाने दिला होता. फाटकापाशी गेलो तर तिथे दोन पाट्या. दोन्हींवर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’, दोन्ही एकाच रंगाऱ्याने रंगवलेल्या. एकीवर बाण डावीकडे, दुसरीवर उजवीकडे. घर मात्र एकच. त्याच्या मधोमध चिऱ्याची नवी भिंत घातलेली. आतल्या खोल्यांत ती छपरापर्यंत गेली होती, मागच्या पडवीत चिरे संपले की पैसे संपले कोण जाणे, छातीएवढीच राहिली होती. आमचा पत्ता डावीकडचा निघाला.

डावीकडे मंगलताई. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, चपळ, बोलायला मोकळ्या. त्या पाय धुवायला पाणी देत असतानाच मी विचारलं, ‘सुरमई मिळेल ना हो?’

‘श्रावण लागलो हा, ताई. पुनव होयसर आमच्या चुलीवर मासो चढणा नाय.’

‘मग बाजारात एखाद्या हॉटेलात?’

‘थंय मिळतलो. बर्फातलो. होडये अजून बंद आसत. बर्फातलो मासो खावचो आसलो तर सोलापुरातच खावा, हंय कित्या इलात?’

ह्यांना इतकं हसू आलं की पायावर ओतायचं पाणी पँटवर ओतलं. मी मनातल्या मनात त्या चार दिवसांवर पाणी सोडलं.

जेवायला बसलो मागच्या पडवीत, भिंतीला लागून घातलेल्या बाकांवर. उकड्या तांदळाचा जाड लालसर भात, त्यावर कुळथाची पिठी, बाजूला टाकळ्याची भाजी, आंब्याचं लोणचं आणि सोलकढी. कुळीथ म्हणजे आपला हुलगा. आमच्याकडे त्याचं माडगं करतात, तेही कोणाला सर्दी झाली तर. इथे त्याच पिठाला लसणाची फोडणी, वर आमसूल, आणि ते पातळसर कालवण भातावर घेतलं की भात कधी संपला कळत नाही. टाकळा पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवतो. कोवळी पानं, कांदा, ओलं खोबरं, बस्स. सोलकढी प्यायल्यावर मला एवढंच कळलं की सोलापुरात मी आजवर जी प्यायले ते गुलाबी पाणी होतं. नारळाचं दूध त्या वाढायच्या पाच मिनिटं आधी काढतात आणि फ्रिजचं तोंड त्याला दाखवत नाहीत.

आम्ही जेवत असताना एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. उघडे, कमरेला पंचा, हाताची बोटं दोरखंडासारखी. हे आबा, मंगलताईंचे सासरे. पूर्वी होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचा आणि माणसांचा सगळा कारभार ज्याच्या शब्दावर चालतो तो. जेवले, हात धुतले आणि ‘येतंय गो’ म्हणून निघाले. मी विचारलं, रात्रीही आपल्याच पंक्तीला का?

‘नाय, रातचे थंय,’ मंगलताई भिंतीकडे न बघता म्हणाल्या. ‘दुपार आमची, रात त्यांची.’

‘त्यांची’ म्हणजे थोरल्या जावेची, रतनवहिनींची. त्यांना मी संध्याकाळी पाहिलं. श्रावणात इथे देवळांतून भजनी सप्ताह बसतात, आळीपाळीने वाड्यांची भजनं होतात. मालवणला गेलात तर किल्ल्याआधी हे ऐका. मृदंगवाला दिवसा टेम्पो चालवणारा होता आणि बुवा पोस्टात, पण तासभर कोणी जागचं हललं नाही. बायका एका अंगाला बसल्या होत्या. या टोकाला मंगलताई, त्या टोकाला उंच, पांढऱ्या केसांच्या, ठसठशीत कुंकवाच्या रतनवहिनी. प्रसादाचं ताट फिरलं तेव्हा मंगलताईंनी उचललं आणि शेजारणीला दिलं, ते हातोहात रतनवहिनींकडे गेलं. एका घरातून आलेल्या दोघी दोन वाटांनी घरी गेल्या.

शुक्रवार

सकाळचा नाश्ता मंगलताईंच्या सल्ल्याने बाहेर. मासळीबाजाराजवळच्या टपरीवजा हॉटेलात उसळ-पाव खायचा, पण नऊच्या आत जायचं, नंतर उसळीला पाणी वाढतं. उसळ वाटाण्याची, रस्सा खोबऱ्याचा. आपल्याकडच्या मिसळीसारखा जाळ नाही. पावाबरोबर कपबशीत चहा येतो आणि तुम्ही बशीत ओतून प्यायलात तर कोणी वळून बघत नाही.

मग बंदरावर. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला इतका जवळ की तटावरचं गवत दिसतं. पण पावसाळ्यात तिकडे होड्या जात नाहीत. ह्यांनी त्याचे एकाच जागेवरून सतरा फोटो काढले.

बाजारात खाजा घ्यायचा. आपल्या खाज्यासारखा पदर सुटणारा नव्हे. बेसनाच्या जाड शेवेला आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात, तो कडक आणि तिखटगोड होतो. घेताना एक दाताखाली फोडून बघा, कट्‌कन तुटला तर घ्या, चिकट लागला तर पुढच्या दुकानात. ज्या दुकानात आमचा कट्‌कन तुटला तिथल्या मालकाला मी विचारलं, श्रावणात इथे खास काय खावं?

‘काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि वडे,’ तो म्हणाला. ‘ते मात्र रतनवयनीच्या हातचे. मालवणात दुसरीकडे खावच्या भानगडीत पडा नको. तुमी रवतास खंय?’

‘मंगलताईंकडे.’

त्याचा तराजू धरलेला हात थांबला. ‘मगे कठीण आसा,’ तो म्हणाला.

मग त्यानेच सांगितलं. खाणावळ पूर्वी एकच होती. वडे आणि सांबारं थोरलीचं, घावणे, खापरोळ्या, भाज्या, सोलकढी धाकटीची. तीन वर्षांपूर्वी घरच्या सत्यनारायणाला दोनशे पान जेवायला, आणि वडे कडू झाले. पिठात मेथ्या जास्त पडल्या होत्या. थोरली म्हणाली धाकटीने पुन्हा घातल्या, धाकटी म्हणाली मी पिठाला हात लावला नाही. भर मांडवात शब्दाने शब्द वाढला. पुढच्या पावसाळ्याआधी भिंत आली. भावाभावांचं अजून बरं आहे, एकाच होडीवर जातात. घरोघरी मातीच्या चुली खऱ्या, पण मेथ्यांवरून घर फोडणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले. आमच्याकडे निदान शेताचा बांध तरी लागतो.

आता माझी पंचाईत झाली. मासे नाहीत ते नाहीत, आणि या गावचा जो एकच पदार्थ श्रावणात खावा तो माझ्या उशाशी, भिंतीपलीकडे तळला जात होता. दुपारी खमंग वास येत होता आणि मी केळफुलाची भाजी खात होते. भाजी उत्तम होती, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण ज्यांच्या घरी उतरलो त्यांच्या नाकावर टिच्चून शेजारी जेवायला जाणं मला जमेना.

ह्यांना असले प्रश्न पडत नाहीत. चारच्या सुमाराला ‘जरा फिरून येतो’ म्हणून गेले आणि तासाने तृप्तीने डोळे मिटल्यासारखे करत परत आले. संध्याकाळी पान मांडलं तेव्हा मंगलताईंनी माझ्यापुढे घावणे आणि खोबऱ्याचा गोड रस ठेवला आणि ह्यांच्यापुढे वाटीभर पेज. पेज म्हणजे भाताची पातळ लापशी, मिठाची.

‘भावोजींचा पोट भरलेला आसतला,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘वड्यांवर पेज बरी. पचता.’

मी ह्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. ‘फार सुंदर होते हो वडे,’ हे मनापासून म्हणाले.

मला वाटलं आता पेजही जाते.  ‘आसतले,’ मंगलताई म्हणाल्या. ‘तिचो हातच तसो आसा.’ आणि घावणे आणून ह्यांच्या पानात वाढले.

नंतर मागीलदारी त्या भांडी घासत होत्या, मी पायरीवर बसले होते. चौकशी करायची खोड मला आहेच. विचारलं, एवढं कौतुक आहे तर बोलत का नाही?

‘पयला कोणी बोलूचा? ह्याच्यातच तीन वर्सां गेली, ताई.’ हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. ‘आता चतुर्थी झाली काय ती म्हमयक जातली. झिलाकडे.’ झील म्हणजे मुलगा. ‘कायमची. आणि ह्या माका कोणी सांगला? बाजारात, नारळवाल्यान. मधी ही एवडीशी भिंत, आणि माझ्या जावेचा माका बाजारात कळाचा!’

त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. 

मग त्या उठून आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. सोललेला नारळ होता. लहान, गोल, जवळजवळ काळा, आणि हातात घेतला तर गोळाफेकीचा गोळाच. कुणकेश्वराकडच्या एका जुन्या माडाचा, होळीपासून जपून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला की बंदरावर नारळ लढवतात. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचं, मग उलट. ज्याचा फुटेल त्याने तो जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचा. बायकांचीही लढत होते, आणि गेली दोन वर्षं रतनवहिनींनी मंगलताईंचा नारळ फोडला होता.

‘जिकलेल्यान पयला बोलला तर कमीपणा नाय,’ मंगलताई म्हणाल्या. ‘तिचो नारळ फोडतलंय, तिच्या हातातसून घेतलंय काय थंयच इचारतलंय, वयनी, कदी जातंस? हरलेल्यान इचारला तर लोक म्हणतले, गयावया करता.’

‘पण मग ती जिंकली तेव्हा ती का नाही बोलली?’

‘ता तिका इचारा,’ त्या म्हणाल्या आणि नारळ पुन्हा फडक्यात गुंडाळला.

सोलापूरहून सुरमई खायला आलेली मी, त्या रात्री देवाकडे एका नारळासाठी प्रार्थना करून झोपले.

शनिवार

नारळी पौर्णिमेला मेढ्यात असाल तर सकाळी कोणत्याही गल्लीतून चाला, गुळाचा आणि खोबऱ्याचा वास येतो. प्रत्येक घरात नारळीभात. आपल्याकडे साखर आणि केशर घालून पिवळा करतात तो लग्नातला. इथला तांबूस, गुळाचा, वर लवंगा, आणि खोबऱ्याला हात आखडलेला नाही.

आबा दुपारी धोतर, कोट आणि काळी टोपी घालून तयार झाले. घरातर्फे समुद्राला नारळ द्यायचा मान त्यांचा. मंगलताईंनी त्यासाठी बाजारातून एक शेंडीवाला, दिसायला देखणा नारळ आणून देवापुढे ठेवला होता. आबांनी तो कानाशी हलवला, नखाने वाजवला, तोंड वाकडं केलं. पुढे ते आत फडताळापाशी काही शोधत असल्याचं मला दिसलं. चष्मा शोधत असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही.

बंदरावर माणूसच माणूस. ढोल, ताशे, व्यापाऱ्यांची मिरवणूक, छत्र्या, फुगेवाले. पाणी गढूळ आणि लाटा अजून मोठ्या. मंगलताई माझ्या शेजारी उभ्या होत्या, फडक्यातला नारळ काखेत. आबा पायऱ्या उतरून पाण्याशी गेले, कोटाच्या आतून नारळ काढला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि मोठ्याने म्हणाले, ‘बा दर्या म्हाराजा, आता खवळलंस तितक्या पुरो. होडयेक वाट दी, गेलेल्या माणसांका घराक आण.’ आजूबाजूच्या चार माणसांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. आबांनी नारळ पाण्यात सोडला.

तो लहान होता, गोल होता आणि काळा होता.

मंगलताईंनी काखेतलं फडकं सोडलं. आतून निघाला देवापुढचा शेंडीवाला, कुंकू लावलेला.

‘आबानू!’ त्या ओरडल्या. ‘ह्यो खंयसून इलो?’

‘मीच बांधलंय,’ आबा पायऱ्या चढत येत म्हणाले. ‘तो कुबट वाजा होतो गो. दर्याक काय कुबट नारळ दिवचो? फडताळात बरोसो गावलो, तो घेतलंय. ह्यो घरात खोवूक जाईत.’

जन्मभर समुद्रावर पोट भरलेला माणूस समुद्राला घरातली उत्तम वस्तूच देणार, आणि उरलेली नीट फडक्यात बांधून जागच्या जागी ठेवणार. त्यात त्यांचं काय चुकलं? आणि देवाला दिलेली वस्तू परत मागायची तरी कशी? मंगलताईंनी समुद्राकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि हात जोडले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे सासऱ्याने नेलं. मी हसले नाही. मला रडायलाच येत होतं.

‘नका लढवू यंदा,’ मी म्हटलं.

‘नाय कशी? ती उभी आसा,’ त्या म्हणाल्या.

बायकांच्या रिंगणात रतनवहिनी खरंच उभ्या होत्या. त्यांनी आधीच तीन नारळ फोडले होते, पदरात खोबऱ्याचे तुकडे होते. मंगलताई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तो शेंडीवाला मुठीत धरून पुढे केला. एकमेकींच्या डोळ्यांत कोणी पाहिलं नाही. रतनवहिनींनी हात वर नेला आणि एकच घाव घातला. नारळाची दोन शकलं झाली, पाणी मंगलताईंच्या साडीवर सांडलं.

बायकांनी गलका केला. मंगलताईंनी दोन्ही शकलं पुढे धरली. रतनवहिनींनी ती घेतली, उलटीसुलटी केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. असल्या नारळावर मंगल लढायला येणार नाही, हे त्यांना कळायला कोणी सांगायला नको होतं. त्यांनी मान वळवून आबांना विचारलं, ‘आबानू, हिचो नारळ खंय?’

‘दर्याक दिलंय,’ आबा म्हणाले.

सगळं रिंगण खदखदून हसलं. रतनवहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. शकलं पदरात घेऊन त्या निघून गेल्या, पुढची लढत न खेळताच.

त्या संध्याकाळी आम्ही पडवीत जेवायला बसलो. मंगलताईंनी ओली साडी बदलली होती, नारळीभात वाढला होता आणि स्वतः पान न घेता बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. पलीकडे आबा जेवत होते, त्यांच्या भुरक्यांचा आवाज येत होता. तेवढ्यात भिंतीवर बांगड्या वाजल्या. पलीकडे बसल्या जागेवरूनच एक हात वर आला, त्याने झाकलेली वाटी भिंतीवर ठेवली आणि तो खाली गेला.

 मंगलताई उठल्या, वाटी घेतली, झाकण काढलं. नारळीभातच होता, हरलेल्या नारळाचा. ह्यांनी या वेळी शहाण्यासारखी मान खाली घातली. मंगलताईंनी उभ्या उभ्या एक घास घेतला, सावकाश चावला, आणि भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘गूळ कमी पडलो, वयनी!’

पलीकडचे भुरके थांबले.

‘नारळात गोडी नसली तर गूळ काय करतलो?’ भिंतीपलीकडून आवाज आला.

‘तो नारळ माझो न्हय. आबांनी बदललो.’

‘ठावक आसा माका. तसलो नारळ घेवन तू येवची नाय.’

 मग मंगलताईंचा आवाज खाली आला. ‘म्हमयक कदी जातंस?’

‘चतुर्थी झाली काय.’

‘माका बाजारात कळला.’

‘दोनदा इललंय भिंतीकडे सांगूक,’ रतनवहिनी म्हणाल्या. ‘माका बघून तू आत गेलंस.’

‘मगे हाक मारूची होती.’

‘होय गो,’ पलीकडून आलं. ‘मारूची होती.’

मंगलताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि वाटीतला भात संपवला. मी आणि हे पानं उचलून आत गेलो. माझे डोळे वाहत होते आणि ह्यांनी पहिल्यांदाच त्यावरून मला चिडवलं नाही.

रविवार

ह्यांच्या मनात सावंतवाडीला जाऊन नातवासाठी लाकडी खेळणी घ्यायची होती. ते राहिलं, कारण सकाळीच रतनवहिनी पुढच्या दाराने, पिठाची परात घेऊन आल्या. कोणी कोणाला या-बसा म्हटलं नाही. मंगलताईंनी पाट सरकवला, कढई चढवली. रतनवहिनी केळीच्या पानावर वडे थापत होत्या आणि मंगलताई तळत होत्या. बोलणं चाललं होतं ते फक्त तेल किती तापलं याबद्दल.

वडे तुम्हाला सांगायलाच हवेत. तांदूळ, उडीद, चणाडाळ भाजून दळलेलं पीठ, रात्रभर भिजवलेलं. तळताना टम्म फुगतात. वरून खुसखुशीत, आतून मऊ, आणि धण्याचा वास हाताला दुपारपर्यंत राहतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं भाजलेल्या खोबऱ्याचं, काळपट, दाट, घशाखाली गेल्यावर तिखट लागणारं. वडा मोडून त्यात बुडवायचा आणि वाटाणे बोटांनी वेचायचे. सुरमईची आठवण मला सोलापूरच्या एसटीत बसल्यावर आली.

रतनवहिनी आता डोंबिवलीला असतात. भिंत तशीच आहे, पलीकडच्या खोल्याही मंगलताईच पर्यटकांना देतात. श्रावणात गेलात तर वडे आदल्या दिवशी सांगून ठेवा, पीठ भिजायला वेळ लागतो. पीठ डोंबिवलीहून येतं, इथलं दळण रतनवहिनींना पसंत नाही.

त्या रविवारी आम्हाला सोडायला मंगलताई एसटी स्टँडपर्यंत आल्या. पिशवीत खाजा, आमसुलं आणि एक नारळ घालून दिला. गाडी लागली तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हटलं, ‘बोललात ते फार चांगलं झालं हो. आता हलकं वाटत असेल.’

‘हलक्या खंयचा, ताई?’ त्या म्हणाल्या. ‘राग होतो तवसर बरा होता. ती गेली आसती, मी दार लावन बसलंय आसतंय. आता ती जातली तेवा माका रडूचा लागतला.’